अंगणात गेलेली शाळा : बोर्डी आणि कोसबाड

वर्धापनदिन आला की वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावयाचा, जमाखर्च मांडावयाचा आणि पुढील वर्षाचे संकल्प सोडावयाचे, अशी आपल्या सर्वच महिला मंडळांची रीत आहे. ह्या रीतीला धरूनच, परंतु थोडे मागे जाऊन, एका जुन्या कार्याचा आढावा ह्या लेखात घ्यावा असे योजिले आहे. हे कार्य एका शाळेचे आहे. ती शाळा मोठ्या इमारतीत भरत नसे. गरिबांच्या खोपटांपुढील सारवलेल्या अंगणात भरत असे. आज ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर सर्वांच्या तोंडी आहे. परंतु हे अंगण मूळचे कोणाचे, आणि शाळेला स्वतःचे छप्पर सोडून तेथे का जावे लागले, हे फारसे कोणी विचारीत नाही. बालवाडी चालविणाऱ्या, मुलांसाठी गोष्टींचे तास आणि सुटीतील शिबिरे भरविणाऱ्या भगिनींना ते ठाऊक असणे अगत्याचे आहे. आपल्या वर्गात किती मुले आली, हे आपण अहवालात लिहितो. कोणती मुले आली नाहीत, हा रकाना आपल्या अहवालात सहसा नसतो. ज्यांचा वृत्तांत पुढे येणार आहे त्या दोन स्त्रियांनी आपले काम नेमके त्याच रकान्यापासून सुरू केले.

न येणाऱ्या मुलांचा हा प्रश्न नवा नव्हे. इ. स. १८४८ मध्ये पुण्यास भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींची शाळा काढली, हे आपण सर्वजणी जाणतो. पुढे १८५५ मध्ये त्यांनी शेतकरी व कष्टकरी लोकांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसा राबणाऱ्या माणसाला दिवसाची शाळा उपयोगाची नाही, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन सादर केले, त्यात गरीब शेतकऱ्यांची मुले शाळेत का येत नाहीत ह्याचे कारण स्पष्ट सांगितले आहे : घरी दारिद्र्य आहे, आणि गुरे राखण्यासाठी व शेतावर लक्ष ठेवण्यासाठी मुलांची गरज आहे. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी त्याच निवेदनात केली. गुरे राखणाऱ्या मुलाचा हा उल्लेख वाचकांनी ध्यानात ठेवावा. ते मूल आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

सक्तीच्या दिशेने पावले पडली, परंतु फार सावकाश. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते नामंजूर झाले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता कायदा झाला. ह्या सर्व खटपटीचे मोल मोठे आहे. तथापि तिचा रोख सहा-सात वर्षांवरील मुलांकडे होता. त्याहून लहान मुलाला शिक्षण कशाला, ते तर आईच्या पदराखाली असावयाचे, असा सर्वांचाच समज होता. ज्या आईला पहाटे दुसऱ्याच्या शेतावर जावे लागते, तिच्या पदराखाली दिवसभर कोण असते, हा विचार अद्याप कोणी केलेला नव्हता.

लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार प्रथम युरोपात सुरू झाला. जर्मनीत फ्रोबेल ह्यांनी १८३७ मध्ये बाळगोपाळांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. पुढे ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी ह्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथील चाळींतील आईबाप कामावर जात, मागे मुले मोकाट हिंडत आणि भिंती खराब करीत. म्हणून इमारतीच्या चालकांनीच त्या मुलांची सोय करावयाचे ठरविले होते. जी पद्धती पुढे जगभर श्रीमंतांच्या शाळांची म्हणून प्रसिद्ध झाली, तिचा जन्म असा कष्टकऱ्यांच्या चाळीत झाला होता. ही गोष्ट पुढील इतिहास समजण्यास उपयोगी आहे.

आपल्याकडे ह्या विचाराचे बीज रुजले ते सौराष्ट्रात, भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत. गिजुभाई बधेका मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे ह्या विचारातून ते मॉन्टेसरीबाईंच्या ग्रंथाकडे वळले, वकिली सोडून शिक्षक झाले आणि १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्तीत बालमंदिर सुरू केले. मुलाला मारावयाचे नाही, भिववावयाचे नाही, त्याच्या हातांना काम आणि मनाला गोष्ट द्यावयाची, हा त्यांचा परिपाठ होता. मुलांनी त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, हे नाव मिळवून दिले. ह्या बालमंदिरात १९२३ मध्ये एक महाराष्ट्रीय विदुषी येऊन दाखल झाली. तिचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते. मुलींचे शिक्षण ही त्या घरात वादाची गोष्ट नव्हती. ताराबाई १९१४ मध्ये बी. ए. झाल्या. विवाहानंतर काही वर्षे त्या अमरावतीस होत्या. पुढे लहान मुलीला घेऊन त्यांनी राजकोट गाठले आणि तेथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. मानाची व पगाराची ती जागा सोडून त्या गिजुभाईंकडे लहान मुलांत बसावयास गेल्या. सुमारे नऊ वर्षे त्या भावनगरला राहिल्या. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई ह्यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पालकांशी आणि शिक्षकांशी बोलण्यासाठी ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली. १९३३ पासून ताराबाईंनी तिची मराठी आवृत्ती चालविली. मुलाला शिकवावयाचे तर आधी घराला शिकविले पाहिजे, हे ह्या मंडळींनी आरंभीच ओळखले होते.

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केले. मराठी मध्यमवर्गाच्या दारी बालशिक्षण आले ते असे. शिक्षिका तयार करण्याचे वर्गही तेथे निघाले. संस्था नावारूपाला आली, आईबाप मोठ्या हौसेने मुलांना पाठवू लागले. येथवर आल्यावर एखाद्याने समाधान मानले असते तर त्याला दोष देता आला नसता. परंतु शिशुविहारात येत होती ती सुशिक्षितांची मुले. मॉन्टेसरी पद्धतीची साधने, म्हणजे दट्ट्यांची पेटी, लाकडी मनोरा, खरकागदाची अक्षरे, ही बेतशीर घडवावी लागत आणि म्हणून महाग पडत. १९३१ मध्ये लंडनला मॉन्टेसरीबाईंच्या संस्थेत गांधीजी गेले होते. तेथे मुलांचे काम पाहून त्यांनी आनंद व्यक्त केला, आणि भारतातील खेड्यांतील अर्धपोटी राहणाऱ्या मुलांनाही असे शिक्षण मिळावे अशी तळमळ बोलून दाखविली. हा प्रश्न ताराबाईंच्याही मनात घर करून होता. नूतन बालशिक्षण संघाशी निकटचा संबंध असलेले बाळासाहेब खेर ह्यांचाही आग्रह हे काम खेड्यात नेण्याचाच होता. अखेर १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी मुंबई सोडली आणि बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले.

बोर्डी हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. तेव्हा तो ठाणे जिल्ह्याचा भाग होता. २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. गावात बागाइतदारांची घरे, आचार्य शंकरराव भिसे ह्यांनी नावारूपाला आणलेली शाळा; आणि गावाबाहेर वारली, धोडी, दुबळा इत्यादी आदिवासींचे पाडे, मच्छीमारांची व हरिजनांची वस्ती. आदिवासींची स्थिती त्या काळी फार हलाखीची होती. जमीन सावकार-जमीनदारांकडे गेलेली. लग्नासाठी कर्ज काढावे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने सावकाराच्या घरी राबावे, ह्याला ‘लग्नगडी’ म्हणत. त्याच १९४५ साली, २३ मे रोजी, तलासरीजवळील झरी गावी किसान सभेच्या मेळाव्यात वारल्यांनी वेठबिगार न करण्याची शपथ घेतली. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर ह्यांनी आपल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात सांगितली आहे. ताराबाईंचा मार्ग वेगळा होता. परंतु ज्या मुलांकडे त्या निघाल्या, त्यांचे आईबाप त्याच वेळी आपल्या गुलामीविरुद्ध उभे राहत होते, हे विसरता कामा नये. बाप वेठीला जुंपलेला असेल तर मुलाच्या हाती पाटी फार काळ टिकत नाही.

ह्या कामात ताराबाईंना साथ लाभली ती अनुताई वाघ ह्यांची. १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीपुढे कोणते आयुष्य वाढून ठेवलेले असे, हे वाचकांना सांगणे नलगे. अनुताईंनी ते नाकारले. त्या शिकल्या, १९२९ मध्ये शिक्षिकेची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, चांदवड येथे व नंतर पुण्यास हुजूरपागेत त्यांनी शिकविले. दिवसा शिकवावे आणि रात्रशाळेत शिकावे, असे करीत १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये बोरिवलीस कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविकांसाठी शिबिर भरले होते. तेथे त्यांची व ताराबाईंची गाठ पडली, आणि पुण्याची कायमची नोकरी सोडून त्या बोर्डीस आल्या. हे काम चालू असतानाच पुढे त्या बी. ए. झाल्या. न येणाऱ्या मुलांसाठी शाळा काढणारी ही बाई स्वतः रात्रीच्या शाळेची विद्यार्थिनी होती, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

बोर्डीस बालवाडी उघडली. गावातील मुले येऊ लागली. पाड्यांवरील मुले मात्र येईनात. कोणी म्हणेल की, आईबापांना शिक्षणाची गोडी नव्हती. असे म्हणणे सोपे असते. प्रत्यक्ष पाड्यावर जाऊन पाहिले तेव्हा कारणे वेगळीच दिसली. आई कामावर गेलेली. मुलाला न्हाऊमाखू घालून, कपडे चढवून वेळेवर पाठवावयास घरी कोणी नाही. अंगावर घालावयास धड कपडा नाही. वाट लांबची, आणि वाटेवर ज्यांची भीती वाटावी अशा मोठ्या लोकांची घरे. पोटात सकाळपासून काही नाही. ह्यांपैकी एकही कारण मुलाच्या बुद्धीशी निगडित नव्हते. मग ताराबाई आणि अनुताई ह्यांनी उलटा निर्णय घेतला : मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. शिक्षिका आणि मदतनीस बाई पिशवीत थोडे सामान घेऊन पाड्यावर जाऊ लागल्या आणि कोणाच्या तरी अंगणात मुले जमवून बसू लागल्या. गावातील ती मध्यवर्ती बालवाडी, आणि पाड्यावरील ही अंगणवाडी. ‘अंगणवाडी’ हा शब्द व ही कल्पना अशी जन्माला आली.

अंगणवाडीचा पहिला धडा अक्षरांचा नसे. मुलांचे हातपाय धुवावयाचे, नखे कापावयाची, केस विंचरावयाचे, डोळे व नाक पुसावयाचे, खरजेवर औषध लावावयाचे. मग गाणे, गोष्ट, खेळ, आणि हातांना काहीतरी काम. ज्या मुलांना कोणी मोठ्या घरच्या माणसाने कधी प्रेमाने हात लावला नव्हता, त्यांना शिकलेली बाई समोर बसून न्हाऊ घालते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. अंगण घराचेच असल्यामुळे मूल भीत नसे. आजी ओसरीवरून पाहत असे. कामावर न गेलेली एखादी आई जवळ येऊन बसत असे. नखे का कापावी, पाणी का गाळावे, हे तिला वेगळे शिकवावे लागत नसे. ती पाहतच असे. एका वर्गात मूल आणि घर दोन्ही शिकत. पालकसभेची चिठ्ठी धाडून जे साधत नाही ते अशा रीतीने साधले.

साधनांचा प्रश्नही असाच सुटला. महागडी पेटी पाड्यावर नेणे परवडणारे नव्हते, आणि तिची गरजही नव्हती. मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीचे मर्म लाकडी ठोकळ्यांत नाही. लहानमोठे, जडहलके, गुळगुळीत-खरबरीत हे मुलाने स्वतःच्या हातांनी ताडून पाहावे, ह्यात ते आहे. हे काम शिंपले, चिंचोके, गारगोट्या, करवंट्या, बांबूच्या कांड्या, पाने, फुले आणि ओली माती ह्यांनीही होते. लहान शिंपल्यापासून मोठ्या शिंपल्यापर्यंत रांग लावणे हा गणिताचा धडाच होय. ह्यात काटकसर होती. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, ती साधने मुलाच्या ओळखीची होती. शाळा सुटल्यावरही ती त्याच्या दारात पडलेली असत. ज्या वस्तू आपल्या घरी आहेत त्यांतूनच विद्या येते, हे त्या मुलाला न सांगता कळत असे.

पुढे आणखी एक अडचण दिसली. पाचसहा वर्षांच्या मुली येत त्या कडेवर धाकटे भावंड घेऊन. भावंड रडू लागले की मुलगी उठून जाई. भावंडाला घरी ठेवून ये, असे तिला सांगणे म्हणजे येऊ नकोस असेच सांगणे. कारण घरी कोणी नसेच. तेव्हा केंद्राने धाकट्यांसाठी पाळणाघर जोडले. पाळणाघराची ही सोय सर्वप्रथम बाळाच्या थोरल्या बहिणीच्या शिक्षणासाठी लागली, ही गोष्ट स्त्रियांच्या मंडळाने विशेष लक्षात घ्यावी. आजही कोणत्याही गावी वा झोपडवस्तीत मुलीची शाळा सुटण्यामागे घरचे तान्हे बाळ असते. मुलींना शिकवा असे फलक लावून भागत नाही. तिच्या कडेवरचे ओझे दोन तास कोणीतरी घ्यावे लागते.

१९५६-५७ च्या सुमारास केंद्राचे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषिसंस्था तेथे १९४९ पासून होती, आणि भोवताली सगळी आदिवासी वस्ती होती. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या घरात होत्या. विसाव्याचे दिवस आले असता त्यांनी अधिक अवघड जागा निवडली. बोर्डीत निदान गाव होते; येथे रान आणि विखुरलेले पाडे. येथेच पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफणारा ‘विकासवाडी’चा प्रयोग आकाराला आला. तान्ह्यापासून थोरल्यापर्यंत घरातील सर्व मुलांना एकाच आवारात जागा असावी, म्हणजे एकासाठी दुसऱ्याला घरी राहावे लागणार नाही, असा त्यामागील हेतू होता.

आणि येथेच १८८२ च्या निवेदनातील ते गुरे राखणारे मूल पुन्हा भेटते. कोसबाडच्या परिसरात सातआठ वर्षांची मुले सकाळी गुरे घेऊन रानात जात ती संध्याकाळी परतत. गुरे राखण्याबद्दल मालकाकडून जे काही धान्य वा जेवण मिळे, त्यावर घराचा आधार असे. कायदा दाखवून त्यांना वर्गात आणता आले असते, परंतु मग त्या घरी चूल कशी पेटणार? ताराबाई व अनुताई ह्यांनी ‘कुरणशाळा’ काढली. शिक्षक गुरांमागून कुरणात जाऊ लागला. गुरे चरत असताना झाडाच्या सावलीत मुले गोष्ट ऐकत, मोजणी शिकत, अक्षरे गिरवीत. पाने, किडे, पाखरे, दगड ह्यांचे ज्ञान त्या मुलांना शिक्षकापेक्षा अधिक असे. ते ज्ञान वर्गाचा भाग झाले. ह्या प्रयोगावर ताराबाईंनी पुस्तकही लिहिले. जोतीरावांनी ज्या अडचणीकडे बोट दाखविले होते, तिला एवढे सरळ उत्तर क्वचितच कोणी दिले असेल. दिवसा वेळ नसलेल्यांसाठी रात्रीचे वर्गही चालत. तास मुलांच्या कामाला पाहून ठरत. घड्याळाला पाहून नव्हे.

ह्या कामाची दखल हळूहळू घेतली गेली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी केंद्राची धुरा वाहिली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्याही गेल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे पुस्तक ज्या भगिनींनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. डहाणूच्या त्याच भूमीत रमेश पानसे प्रभृतींनी १९८२ मध्ये ‘ग्राममंगल’ ही संस्था उभी करून बालशिक्षणाचा धागा पुढे नेला. तिकडे दिल्लीत मीरा महादेवन ह्यांनी १९६९ मध्ये बांधकामावरील मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली. प्रदेश वेगळा, माणसे वेगळी. विचार तोच की, आई जेथे राबते तेथे मुलाची सोय गेली पाहिजे.

आता आपल्या स्वतःच्या, म्हणजे महिला मंडळांच्या, वाट्याकडे वळू. १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना आली, आणि १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख ह्यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. त्यांच्या प्रोत्साहनाने व अनुदानाने गावोगावच्या महिला मंडळांनी बालवाड्या उघडल्या. देवळाच्या ओवरीत, चावडीत, कोणाच्या पडवीत त्या भरत. सरकारच्या आधी हे काम बायकांनी अंगावर घेतले होते, ह्याचा आपल्याला रास्त अभिमान असावा. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. तिच्या केंद्राला नाव मिळाले ‘अंगणवाडी’. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, गरज पडल्यास रुग्णालयाकडे पाठवणी, मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा तिने द्यावयाच्या होत्या. आज देशात जवळजवळ चौदा लाख अंगणवाड्या आहेत. डहाणूच्या पाड्यावरील एका अंगणातून निघालेला शब्द इतका दूर गेला.

शब्द गेला, त्याबरोबर अर्थ किती गेला, हे तपासून पाहिले पाहिजे. आहार आणि लस ह्यांनी असंख्य बाळे वाचविली, ह्यात शंका नाही. उपाशी मुलापुढे गाणे म्हणण्यात अर्थ नाही, हे कोसबाडने आधीच ओळखले होते. परंतु सहा सेवांतील शिक्षणाची सेवा अनेक ठिकाणी मागे पडली. एकाच सेविकेने वजने घ्यावी, नोंदी भराव्या, आहार वाटावा, घरोघर जावे, सर्वेक्षणे करावी आणि मग उरलेल्या वेळात मुलांना गोष्ट सांगावी, अशी स्थिती झाली. ह्या सेविकेला वेतन नाही, मानधन मिळते; कारण तिचे काम ही ‘मानसेवा’ समजली गेली. बाळाला सांभाळणे व शिकविणे हे बाईच्या जातीला उपजतच येते, त्याला दाम कशाला, हा जुनाच समज ह्या शब्दामागे उभा आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ह्यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे असा निर्णय दिला, तो ह्या दृष्टीने महत्त्वाचा होय. ताराबाईंनी तर लहान मुलांच्या शिक्षिकेला तयार करण्यासाठी खास अध्यापनवर्ग काढले होते. ते काम कोणालाही येते असे त्यांनी कधी मानले नाही.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. आपल्या घटनेच्या मूळच्या ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने दहा वर्षांत करावा, असे म्हटले होते; त्यात तीन-चार वर्षांचे मूलही धरलेले होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि सहा वर्षांखालील मुलांसाठी राज्याने प्रयत्न करावा एवढेच तत्त्व उरले. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याचाही भर सहा वर्षांपासून पुढेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा ही वर्षे पायाभूत स्तरात धरली, हे स्वागतार्ह आहे. परंतु धोरण म्हणजे हक्क नव्हे. ज्याच्या घरी पैसा आहे ते मूल तिसऱ्या वर्षीच गणवेश घालून नर्सरीत जाते. ज्याच्या घरी नाही ते अंगणवाडी चांगली असेल तर शिकते, नसेल तर तीन वर्षे नुसती जातात. दोघेही सहाव्या वर्षी एकाच पहिलीत बसले, तरी ती एकसारखी पहिली नसते.

म्हणून ह्या वर्धापनदिनी मंडळांनी काही लहान, परंतु नेमकी कामे हाती घ्यावी असे सुचवावेसे वाटते. आपल्या भागातील अंगणवाडीला महिन्यातून एकदा दोघी-तिघींनी भेट द्यावी. तपासणी करावयास नव्हे, तर सेविकेला कोणती मदत हवी हे विचारावयास. गोष्ट सांगण्याचा एक तास आपण उचलला तर तिला नोंदी लिहावयास सवड मिळेल. आपले संस्कारवर्ग व सुटीतील शिबिरे ज्या आवारात भरतात, त्यांपैकी एक तरी बांधकामाच्या जागी, बाजारात, वा ऊसतोडणी कामगारांच्या अड्ड्यावर भरवावे. धाकट्या भावंडासह येणाऱ्या मुलीला परत धाडू नये. सभासदांतील एखादी आजी त्या तान्ह्याला हौसेने घेईल. साधनांसाठी देणग्या गोळा करण्याआधी आपल्या परसात काय काय आहे ते पाहावे. आणि वार्षिक अहवालात एक रकाना वाढवावा : आपल्या हद्दीतील कोणती मुले आपल्याकडे आली नाहीत, आणि का.

तो रकाना भरण्यासाठी वस्तीत जाऊन दारे ठोठवावी लागतील, आणि कारणे ऐकून घ्यावी लागतील. बोर्डीत दोन स्त्रियांनी हेच केले, आणि कारणे ऐकल्यावर मुलांना वा आईबापांना दोष न देता आपली शाळा बदलली. त्यांच्यापाशी फार पैसा नव्हता, मोठी इमारत नव्हती. आपल्यापैकी बहुतेक मंडळांपाशी आज त्यांच्याहून अधिक साधने आहेत. अंगणे तर आजही आहेत. पाड्यांवर आहेत, चाळींत आहेत, झोपडवस्तीच्या चिंचोळ्या बोळांत आहेत. तेथवर जावयाचे एवढेच उरले आहे.